इस्तू हाय का?

आमच्या वारणा खोऱ्यात गाव मोजायचं ते चुलींवर. जत्रेची वर्गणी माणशी नसे, चुलीमागं असे. लग्नाचं बोलावणं घेऊन आलेला माणूस उंबऱ्यात उभा राहून ‘चूलबंद आवतण हाय’ म्हणाला, की त्या दिवशी त्या घरात जाळ व्हायचा नाही, लहानथोर सगळ्यांनी जेवायला यायचं, हे न सांगता कळायचं. भाऊ-भाऊ वेगळे निघाले की वाटणी तलाठ्याच्या दप्तरी चढायला दोन-चार वर्षं लागत. गावाच्या लेखी मात्र दुसरी चूल पेटली त्याच दिवशी घर फुटलेलं असे. सरकारचा हिशेबही फार निराळा नाही. जनगणनेत कुटुंब कुणाला धरायचं, तर एकत्र राहून एकाच स्वयंपाकघरातलं जेवणाऱ्या माणसांना. म्हणजे कागद घेऊन दारात येणारा शिरगणतीचा गुरुजीही शेवटी चुलीच मोजतो.

चुलीवर एवढं सगळं मोजलं जातं, पण ती चालवणारीचं नाव कुठल्या वहीत सापडत नाही. आग कशी सापडली, कशी पेटवली, हे आपण शाळेत शिकतो. मी आमच्या घरात जे पाहिलं त्यावरून मला वाटतं, चुलीचा खरा इतिहास आग पेटवण्याचा नाही, राखण्याचा आहे. आणि ती राखली बायांनी.

हा इतिहास किती जुना? पुणे जिल्ह्यात शिरूरजवळ घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. तिथं डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी 1968 पासून बरीच वर्षं उत्खनन केलं. तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची घरं निघाली. मातीच्या भिंती, धान्याच्या कणग्यांच्या जागा, आणि त्याबरोबर चुली. काही ठिकाणी लंबगोल खड्डा, त्याला मातीचा उंच काठ आणि मधोमध भांडं टेकवायला चपटा दगड. राजे आले, गेले, भाषा बदलल्या. पण मडक्याखाली जाळ घालून डोळे पुसत बसलेली बाई त्या घरातून उठून आमच्या घरात आली असती, तर तिला फार काही नवं शिकावं लागलं नसतं.

आमची चूल आजीनं घातलेली होती. वारुळाची माती, भाताचा कोंडा आणि शेण तुडवून तिनं तो लगदा दोन दिवस मुरवला, मग हातानं थापून चूल उभी केली. वर भांडं बसायला तीन उंचवटे, बाजूला वैल. वैलाला स्वतःचा जाळ नसतो. चुलीतली आच भोकातून तिकडं जाते आणि त्यावर आमटी नाहीतर डाळ निवांत शिजते. मागं भिंतीला लागून भानवशी, तिच्यावर मिठाचं मडकं, काड्याची पेटी, चिमटा, फुंकणी. मीठ तिथं ठेवायचं कारण पावसाळ्यातही चुलीच्या उबेनं ते पाझरत नाही. रोज सकाळी चुलीला शेणामातीचं पोतेरं फिरायचं. जी चूल सारवलेली नाही तिच्यावर आजी पाण्याचं भांडंसुद्धा ठेवू द्यायची नाही.

रात्री जेवणं झाली, भांडी निघाली, की चूल विझवायची नसे, झाकायची असे. आई बाभळीचा एक जाडसर निखारा शोधून चुलीच्या मागच्या अंगाला सारायची, त्याला लागून शेणीचा अर्धा तुकडा ठेवायची आणि वरून राखेचा ढीग ओढायची. राखेतून वारा अगदी थोडा आत जातो, म्हणून निखारा भसकन जळून संपत नाही. आणि राख ऊब धरून ठेवते, म्हणून तो थंडही पडत नाही. पहाटे कोंबडं आरवलं की ती बोटांनी राख बाजूला करायची. खाली लाल डोळा मिटलेला असायचा. त्यावर चिमूटभर चगाळ, दोन चिपाडं आणि फुंकणीची एक लांब फुंकर, की जाळ झाला. माझ्या लहानपणी आमच्या घरात काडी ओढून चूल पेटवल्याचं मला फार थोड्या वेळा आठवतं. काडी ओढायची वेळ येणं म्हणजे रात्री कुणीतरी हयगय केली असा अर्थ व्हायचा, आणि तो शब्द सुनेवर यायचा.

त्या काटकसरीला कारण होतं. काड्याची पेटी आपल्याकडं फार जुनी नाही. आधी ती परदेशातून यायची. 1923 साली वेस्टर्न इंडिया मॅच कंपनी स्थापन झाली, अंबरनाथला तिचा कारखाना उभा राहिला आणि मग हळूहळू देशी पेटी खेड्यापाड्यातल्या दुकानात पोचली. त्याआधी होती ती चकमक. आजोबांच्या चंचीत पान-सुपारीशेजारी गारगोटी, पोलादाचा तुकडा आणि सावरीच्या कापसाची गोळी असायची. चिलीम पेटवण्यापुरतं ते ठीक होतं. पण पावसाळ्यात कापूस सर्दावला की आजोबासुद्धा चिलीम घेऊन चुलीपाशी यायचे आणि म्हणायचे, ‘जरा इंगळ दे गं.’ पेटवण्याची हत्यारं पुरुषांच्या कमरेला होती, राखलेली आग बायांपाशी होती.

आणि एखाद्या घरची आग विझलीच, तर शेजार होता. सकाळी सकाळी परसाकडनं हाक यायची, ‘आक्का, इस्तू हाय का?’ शेजारीण हातात शेणीचा तुकडा घेऊन उभी असायची. आई चिमट्यानं निखारा त्याच्यावर ठेवायची, ती पदराआड धरून पळायची, कारण वाऱ्यानं ठिणगी उडाली तर गंजी पेटायची. या देण्याघेण्याचे नियम होते. दिवेलागण झाल्यावर इस्तू देत नसत, लक्ष्मी जाते म्हणायचे. घरात बाळंतीण असली तरी देत नसत. पण दिवसा नाही म्हणायची रीत नव्हती. भांडण होऊन बोलणं बंद झालेल्या जावाजावांमध्ये पहिला शब्द फुटायचा तो बहुतेक वेळा हाच. धाकट्या चुलत्यांनी चूल वेगळी केली तेव्हा महिनाभर घरात कुणी कुणाशी धड बोललं नव्हतं. तरी त्या दिवशी आजी स्वतः उठली, जुन्या चुलीतला निखारा खापरीत घेतला आणि पलीकडच्या सोप्यात नव्या चुलीत नेऊन ठेवला. ‘जमीन वाटा, बैलं वाटा, इस्तू वाटून कमी हुईत न्हाई,’ एवढंच बोलली.

पण हे चित्र एवढंच रंगवून थांबणं बरोबर नाही. गावकुसाबाहेरच्या वस्तीतली बाई इस्तू मागायला आली, तर ती परसाच्याही बाहेर थांबायची. तिनं खापरी जमिनीवर ठेवून चार पावलं मागं सरायचं, मग आमच्या घरची बाई निखारा वरून त्यात टाकणार. कधी तो बाहेर पडायचा, विझायचा. तिनं काही बोलायचं नाही. आग सगळं शुद्ध करते असं म्हणणारं तेच गाव, आणि आगच देताना इतकं अंतर. मी आठ-नऊ वर्षांची असताना आजीला विचारलं होतं, ‘इस्तवाला कसला इटाळ?’ आजी म्हणाली, ‘इस्तवाला न्हाई, हाताला.’ घरोघरी मातीच्या चुली ही म्हण खरी, पण एका चुलीपासून दुसऱ्या चुलीपर्यंतची वाट सगळ्यांना सारखी नव्हती.

चूल चालवणं हे कसब आहे, हे तिथं बसल्याशिवाय कळत नाही. आई तोंडानं शिकवायची नाही, हातावर चापट मारून शिकवायची. पहिली गोष्ट, राख सगळी काढायची नाही आणि सगळी ठेवायचीही नाही. थोडा थर ऊब धरतो, जास्त झाला की वारा अडतो. दुसरी, लाकडं चुलीत कोंबायची नाहीत. पुढची टोकं जळू द्यायची आणि जळतील तशी आत सारायची. तिसरी, एकटं लाकूड जळत नाही. एकच ओंडका ठेवा, कितीही फुंका, तो धुमसत राहील. शेजारी दुसरं ठेवलं, मध्ये बोटभर फट ठेवली, की दोघं एकमेकांना तापवतात आणि जाळ धरतात. लाकूड तापलं की त्यातून वाफ आणि वायू निघतो. ज्वाला असते ती या वायूची. तो पुरता जळला नाही की धूर होतो. म्हणजे डोळ्यांत जातो तो धूर म्हणजे वाया गेलेलं जळणच. ओल्या लाकडाची बरीचशी आच आपल्याच अंगातलं पाणी आटवण्यात जाते. आईला यातलं शास्त्र ठाऊक नव्हतं. ती म्हणायची, ‘वलं लाकूड आधी सोताचं रडणं रडतंय, मग तुमचं काम करतंय.’

लाकडांच्याही जाती होत्या. बाभळीचा इंगळ टिकाऊ, भाकरीला उत्तम. पांगारा आणि शेवगा म्हणजे नुसता भपका, कागदासारखे जळून जातात. तुरकाट्या झटकन पेटतात, त्या सुरुवातीला. मक्याची बुरकुंडं चहापुरती. बिब्याचं लाकूड घरात आणायचं नाही, त्याच्या धुरानं अंगावर सूज येते. वड, पिंपळ, उंबर चुलीत घालायचे नाहीत. बांबू तर नाहीच, कारण तो तिरडीचा. आणि कामागणिक जाळ वेगळा. भाकरीला आधी तव्याखाली मोठा सपाट जाळ, मग चुलीच्या तोंडाशी ओढलेला लाल आर. भाकरी तव्यावरून काढून त्या आराला टेकून उभी केली की टम्म फुगते. दुधाला शेणीची मंद धग, ज्यानं दिवसभरात बोटभर जाड साय येते. पातेल्याच्या बुडाला आधी ओली राख फासायची, म्हणजे काजळी त्या राखेवर बसते आणि घासताना सुटून येते. भाकरी थापता थापता एका डोळ्यानं जाळ, एका कानानं आमटीची रटरट आणि पाठीशी रडणारं पोर, असा तो सगळा मेळ होता.

आता या चुलीत जे जळायचं ते यायचं कुठून? मृग लागायच्या आत वर्षाचं जळण घरात पडलं पाहिजे, हा आमच्याकडचा नेम. पावसाळ्यासाठी शेणींचा हुडवा रचायचा, म्हणजे शेणींची गोल रास करून वरून शेणानं लिंपायची आणि पेंढ्यानं शाकारायची. लाकडाला मात्र डोंगर गाठावा लागे. पहाटे चारला बायांची रांग निघायची, उन्हं चढायच्या आत मोळी डोक्यावर घेऊन परतायची. माझी आई वीस-पंचवीस किलोंची मोळी घेऊन तीन कोस चालायची. परत आल्यावर आधी चूल, मग पाणी पिणं.

तो डोंगर एके काळी गावाचा होता. 1878 च्या कायद्यानं जंगलं राखीव आणि संरक्षित झाली, रखवालीला माणसं आली, आणि आदल्या दिवशीपर्यंत जी रोजची मोळी होती ती चोरी ठरली. महात्मा फुल्यांनी 1883 साली ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये जंगलखात्यानं गरीब शेतकऱ्याची गायरानं आणि रानातली मिळकत कशी हिरावली, ते संतापून लिहिलं. पुढं 1930 साली मिठाच्या सत्याग्रहाला समुद्र नसलेल्या भागांनी जंगलाचा मार्ग धरला. 10 जुलैला पुसदला लोकनायक बापूजी अणे यांनी गवत कापून कायदा मोडला. रायगडमधल्या चिरनेरला 25 सप्टेंबरला गोळीबार झाला, माणसं मेली. आमच्या खोऱ्यातल्या बिळाशीनं त्याच वर्षी साग तोडला आणि त्याच्यावर तिरंगा चढवला.

आजी तेव्हा सतरा-अठरा वर्षांची नवी सून होती. बिळाशीचं नाव निघालं की ती अभिमानानं सांगायची, पण शेवटी एक वाक्य जोडायची. ‘गड्यांनी येक साग तोडला त्येचं नाव झालं. आमी रोज कायदा मोडत हुतो, डोस्क्यावर मोळी घिऊन. आमाला फकस्त रखवालदार वळखायचा.’ पकडली तर कोयता जायचा, मोळी जायची, आणि घरी गेल्यावर रिकाम्या हातानं आली म्हणून बोलणी बसायची. सरकारनं रान राखलं, बायांनी इस्तू राखला. या दोन राखण्यांच्या मध्ये तिची पिढी भरडून निघाली. स्वातंत्र्य आलं, खातं तेच राहिलं, डोंगर मात्र उघडा पडत गेला. 1972 च्या दुष्काळात आम्ही दुष्काळी कामावर खडी फोडून येताना वाटेवरची बाभळीची वाळकी शेंग आणि बोरीची काटकीसुद्धा वेचून ओटीत आणल्याचं मला आठवतं.

आणि धूर. त्याबद्दल कुणी बोलायचंच नाही. आमच्या घराला धुराडं नव्हतं, कौलांच्या फटीतून धूर जाईल तेवढा जाई. तो आढ्याच्या लाकडाला लागून कीड धरत नाही, म्हणून चांगलाच मानायचे. पन्नाशीत आई खोकायला लागली. आधी थंडीत, मग बारमाही. ओसरीची एक पायरी चढली तरी धाप. मिरजेला मोठ्या डॉक्टरांकडं नेलं. छातीचा फोटो बघून त्यांनी विचारलं, ‘आजी, विडी किती वर्षं फुंकता?’ आई म्हणाली, ‘इडी न्हाई बा, चूल फुंकतीया. लगीन झाल्यापासनं.’ डॉक्टर थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की विडी सोड म्हणता येतं, चूल सोड कसं म्हणू? 1994 साली आई गेली. बासष्ट वर्षांची होती. तिच्या मरणाच्या दाखल्यावर दमा लिहिलाय. घरातल्या धुरामुळं 2020 या एका वर्षात जगभर सुमारे 32 लाख माणसं गेली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. तो आकडा मी वाचला तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं, की आईचं मरण कुणीतरी मोजलं.

उपाय झाले नाहीत असं नाही. गांधीजींच्या ग्रामोद्योगाच्या मंडळींनी वर्ध्याच्या मगनवाडीत धूर बाहेर नेणारी मगन चूल तयार केली होती. 1980 नंतरच्या दशकात देशभर सुधारित चुली वाटल्या गेल्या. पुण्याच्या आरती संस्थेत डॉ. आनंद कर्वे यांनी शेतात जाळून टाकल्या जाणाऱ्या उसाच्या पाचटाचा कोळसा करून दाखवला. आमच्या घरातही आई असताना निर्धूर चूल बसली. पहिले आठ दिवस सगळ्यांना नवल वाटलं. मग कळलं, की तिचं तोंड लहान. लाकडं वीतभर फोडून घ्यावी लागतात, आणि ती फोडणार कोण, तर आईच. चुलीच्या तोंडाशी आर ओढायला जागा नाही, म्हणजे भाकरी फुगत नाही, म्हणजे जेवणाऱ्यांची कुरकूर. पावसाळ्यात पाइपाच्या भोकातून कौलं गळायला लागली. दोन वर्षांत पाइप कोंबड्यांच्या खुराड्याला लागला आणि जुनी चूल परत आली. त्या चुलीत शास्त्र होतं, पण ती करताना भाकरी थापणाऱ्या बाईला कुणी विचारलं नव्हतं.

गॅस मुंबईत 1955 सालीच आला होता. आमच्या घरी टाकी आली 1998 मध्ये, आई गेल्यावर चार वर्षांनी. 1 मे 2016 पासून उज्ज्वला योजनेत गरीब घरांतही शेगड्या पोचल्या, आणि हे मोठं काम झालं यात मला शंका नाही. माझी भाचेसून कळ फिरवते, निळा जाळ होतो, तिच्या डोळ्यांत पाणी नसतं. हे बघताना मला बरं वाटतं. पण टाकी संपली आणि हातात पैसे नसले की परसातल्या तीन दगडांवर पुन्हा धूर दिसतो. आंघोळीचं पाणी अजून बहुतेक घरांत लाकडावरच तापतं. ऊसतोडीला आलेल्या टोळ्यांच्या कोपीसमोर तर आजही पहाटे तीनला बाईच फुंकत बसलेली असते, कारण उजाडायच्या आत फडात पोचायचं असतं.

मधल्या काळात एक नवंच घडलंय. पुणे-बेंगळुरू रस्त्यावरून गावी जाताना ढाब्यांवर पाट्या दिसतात, चुलीवरचं मटण, चुलीवरची भाकरी. शहरातली मंडळी गाड्या थांबवून जेवतात. चव खरीच असते, मी ती नाकारत नाही. मी जेवून उठले की पाठीमागच्या पत्र्याच्या शेडकडं जाते. तिथं कुणीतरी आक्का नाहीतर मावशी सहा-सात चुलींमध्ये बसलेली असते. मी तिला विचारते, धुराला वर वाट ठेवलीय का, लाकूड वाळकं देतात का, दिवसाला किती भाकरी. आधी ती बिचकते. मग पदरानं डोळे पुसत सांगायला लागते, आणि पुष्कळ सांगते, कारण हे तिला याआधी कुणी विचारलेलं नसतं. जेवणाऱ्यांनी पैसे देऊन निघण्याआधी एकदा तिकडं जाऊन विचारावं, एवढंच माझं मागणं आहे. चुलीवर जेवलेल्या प्रत्येकाच्या घासात कुणाची तरी फुंकर असते, आणि ती फुंकर छातीतून येते.